पाण्याचा रकाना

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांचा खाडीकडील भाग खारपट्टा म्हणून ओळखला जातो. पेणच्या बाजूला पाताळगंगा, भोगावती आणि अंबा या नद्यांचे पाणी धरमतरच्या खाडीत उतरते, तर रोह्याच्या बाजूला भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेले पाणी घेऊन येणारी कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीला मिळते. या दोन्ही खाड्यांच्या काठाने मातीचे बांध घालून, भरतीचे पाणी अडवून, पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली गेली आहे. बांधातील उघाड्या, म्हणजे ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला खारे पाणी आत येऊ न देणारी दारे, जोवर शाबूत असतात तोवर भात पिकतो, आणि उधाणाला बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की तीच जमीन पुढे काही हंगाम भाताला पारखी होते. जिताडा माशाची तळी या भागाला जुनी आहेत. त्यांच्या जोडीला निमखाऱ्या पाण्याच्या तळ्यांत कोळंबी वाढवण्याचा व्यवसाय गेल्या काही दशकांत रायगडच्या किनाऱ्याने उभा राहिला. या व्यवसायाची मोठी जोखीम पाण्यात किंवा बांधात दिसत नाही, ती बीजाबरोबर, म्हणजे वाढवण्यासाठी आणलेल्या कोळंबीच्या पिल्लांबरोबर, तळ्यात येते, आणि ती ओळखण्याचे काम डीएनएच्या प्रवर्धनावर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्यावर सोपवलेले असते. त्या कामातील जो भाग सर्वांत कमी बोलला जातो, म्हणजे अभिक्रियेच्या नळीत कोणता द्रव किती घालायचा याचा हिशेब, त्याचा विचार येथे, हे काम करणाऱ्यांच्या अनुभवाच्या आधाराने, करावयाचा आहे.

कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने भारतातील तळी १९९४ च्या सुमारास प्रथम गाठली. तेव्हा टायगर कोळंबीचे दिवस होते. पुढे २००९ मध्ये अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरील व्हेनामी जातीला भारतात परवानगी मिळाली, तळ्यांतील जात बदलली, पण रोग राहिला. हा रोग घडवणारा विषाणू डीएनए विषाणूंपैकी असून त्याची जनुकीय साखळी सुमारे तीन लाख जोड्यांची, म्हणजे विषाणूंच्या मानाने फारच मोठी आहे. लागण भडकली की तीन ते दहा दिवसांत तळेच्या तळे रिकामे होऊ शकते. त्यावर औषध नाही. खाडीच्या पाण्यातल्या चिंबोऱ्या आणि इतर कवचधारी जीव हा विषाणू बाळगू शकतात, त्यामुळे उघाडीतून येणारे पाणी गाळून, निर्जंतुक करून घेण्याला महत्त्व आहे. परंतु आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील उबवण केंद्रांतून येणाऱ्या बीजातच विषाणू असेल तर पाण्यावर घेतलेली सारी मेहनत फुकट जाते. म्हणून बीज तळ्यात सोडण्यापूर्वी त्याची पीसीआर चाचणी करणे हा या व्यवसायाचा शहाणपणाचा नियम झाला. २०२० साली करोनाच्या साथीत आरटीपीसीआर हा शब्द पेण-रोह्याच्या घराघरांत पोहोचला, पण कोळंबीवाल्यांना पीसीआर हे नाव त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

पीसीआर, म्हणजे पॉलिमरेज साखळी अभिक्रिया, ही पद्धत कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये मांडली आणि तिच्यासाठी त्यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हरगोविंद खोराना यांच्या प्रयोगशाळेतून १९७१ मध्येच या दिशेची कल्पना प्रसिद्ध झाली होती, ही गोष्ट भारतीय वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. पद्धतीचे सूत्र साधे आहे. नळीतील डीएनए ९४-९५ अंश सेल्सियसला तापवला की त्याचे दोन धागे सुटे होतात. तापमान खाली आणले की प्रायमर नावाचे छोटे कृत्रिम तुकडे आपल्या जोडीच्या जागी जाऊन बसतात. मग ७२ अंशाला टॅक पॉलिमरेज हे विकर प्रायमरच्या टोकापासून नवा धागा विणत जाते. हे विकर अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यात सापडलेल्या जिवाणूचे असल्याने ते उकळत्या पाण्याजवळच्या तापमानाला टिकते. एका चक्रात एकाचे दोन होतात, आणि तीस चक्रांत, गणिताने, एका तुकड्याचे सुमारे १०७ कोटी.

हिशेबाचे महत्त्व या गुणाकारातच दडलेले आहे. प्रत्येक चक्रात शंभर टक्क्यांऐवजी नव्वद टक्के तुकड्यांचीच प्रत निघाली, म्हणजे दोनाऐवजी १.९ पटीने वाढ झाली, तर तीस चक्रांनंतर १०७ कोटींच्या जागी सुमारे २३ कोटीच प्रती हाती लागतात. एका चक्रातील दहा टक्क्यांची उणीव शेवटी जवळजवळ चार पंचमांश होते. हलकी लागण असलेल्या बीजात विषाणूच्या प्रती मुळातच थोड्या असतात, आणि अशा नमुन्यात ही उणीव अनेकदा ‘आहे’ आणि ‘नाही’ यांमधील फरक ठरते.

एका अभिक्रियेचे एकूण आकारमान बहुधा २५ मायक्रोलिटर ठेवले जाते. मायक्रोलिटर म्हणजे लिटरचा दहा लाखावा भाग; ड्रॉपरमधून पडणारा पाण्याचा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा धरला, तर एका थेंबात दोन अभिक्रिया मावतात. एवढ्या द्रवात सात-आठ घटक घालायचे असतात, आणि प्रत्येक घटक बाटलीत जितका दाट असतो त्याहून पुष्कळ पातळ होऊन नळीत असावा लागतो. एखाद्या द्रावणात विरघळलेला पदार्थ किती दाट आहे याच्या मापाला संहती म्हणतात. हिशेबाचा नियम शाळेतलाच आहे: बाटलीतील संहती गुणिले घ्यायचे आकारमान बरोबर हवी असलेली संहती गुणिले एकूण आकारमान. अभिक्रियेचे आम्ल-अल्क संतुलन सांभाळणारे बफर दहापट दाट मिळते, म्हणून २५ मध्ये ते २.५ मायक्रोलिटर. मॅग्नेशियम क्लोराइड २५ मिलीमोलर मिळते आणि नळीत १.५ मिलीमोलर हवे असते, म्हणून १.५ मायक्रोलिटर. नव्या धाग्याची वीट असलेले चार प्रकारचे न्यूक्लिओटाइड, ज्यांना मिळून डीएनटीपी म्हणतात, प्रत्येकी १० मिलीमोलर असलेल्या मिश्रणातून ०.५ मायक्रोलिटर घेतले की प्रत्येकी ०.२ मिलीमोलर होतात. दोन प्रायमर १० मायक्रोमोलरच्या द्रावणातून प्रत्येकी ०.५ मायक्रोलिटर, म्हणजे नळीत ०.२ मायक्रोमोलर. टॅक विकर दर मायक्रोलिटरला ५ एकक असते. एक एकक हवे तर ०.२ मायक्रोलिटर. नमुन्याचा डीएनए २ मायक्रोलिटर. या सर्वांची बेरीज ७.७ होते, आणि उरलेले १७.३ मायक्रोलिटर शुद्ध पाणी.

या तक्त्यातील शेवटचा, पाण्याचा रकाना सर्वांत निरुपद्रवी दिसतो आणि तोच सर्वांत फसवा आहे. पाणी हे मोजून ठरवलेले नसते, ते उरलेले असते. वरच्या एखाद्या ओळीत चूक झाली तर तेवढे पाणी कमी किंवा जास्त होते आणि बेरीज पुन्हा २५ वरच येऊन थांबते. जमाखर्चाच्या वहीत ताळा जमला की हिशेब बरोबर मानण्याची आपल्याला सवय असते, परंतु या हिशेबात ताळा नेहमीच जमतो, कारण जमवण्याचे काम पाणी करते. म्हणून बेरीज तपासणे म्हणजे काहीच न तपासणे होय. तपासायचे असते ते दर ओळीला उलट दिशेने जाऊन: इतके मायक्रोलिटर घातले तर २५ मध्ये त्याची संहती किती झाली, आणि ती हवी होती तितकीच आहे का? हे काम शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ही उलटी तपासणी लावली नाही, तर पुढे सवय लागणे अवघड होते.

सर्वांत जास्त गोंधळ मॅग्नेशियमच्या ओळीत होतो. काही कंपन्यांच्या दहापट दाट बफरमध्येच १५ मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेले असते आणि ते दहापट पातळ होऊन नळीत आपोआप १.५ होते; काहींच्या बफरमध्ये ते नसते आणि त्याची वेगळी छोटी नळी सोबत येते. बाटल्यांची टोपणे सारखी, नाव सारखे, फरक लेबलावरील एका बारीक ओळीचा. मॅग्नेशियम असलेल्या बफरबरोबर जुन्या सवयीने वेगळे मॅग्नेशियम घातले तर नळीत ३ मिलीमोलर होते. मग प्रायमर नको त्या जागीही चिकटून बसतात आणि जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या आगारोजच्या पातळ थरावर, अपेक्षित पट्टीच्या वरखाली भलत्या पट्ट्या उमटतात. उलट, मॅग्नेशियम नसलेल्या बफरबरोबर ते घालायचे राहिले तर टॅक काम करूच शकत नाही, आणि नमुना लागण झालेला असूनही जेल कोरे राहते. दोन्ही वेळा कागदावरील बेरीज २५ असते.

डीएनटीपीची ओळही तितकीच सावधपणे वाचावी लागते. लेबलावर ‘१० मिलीमोलर मिश्रण’ असे लिहिलेले असते तेव्हा ते दहा प्रत्येकी आहेत की चौघांचे मिळून आहेत, हे पाहिल्याशिवाय पिपेट उचलू नये. मिळून दहा असतील तर प्रत्येकी अडीचच झाले, आणि नेहमीप्रमाणे ०.५ मायक्रोलिटर घेतले तर नळीत प्रत्येकी ०.०५ मिलीमोलर येते, म्हणजे हव्या त्याच्या चौथाई. तेथे २ मायक्रोलिटर घ्यायला हवे होते. ही ओळ मॅग्नेशियमच्या ओळीशी बांधलेली आहे, हे मात्र तक्ता पाहून कळत नाही. प्रत्येक न्यूक्लिओटाइड एका मॅग्नेशियम आयनाला धरून ठेवतो, प्रत्येकी ०.२ प्रमाणे चार न्यूक्लिओटाइड म्हणजे ०.८ मिलीमोलर, आणि १.५ पैकी तेवढे मॅग्नेशियम अडकले की विकरासाठी सुमारे ०.७ च मोकळे राहते. पट्टी फिकी येते म्हणून कोणी डीएनटीपी दुप्पट केले, तर एकूण १.६ मिलीमोलर होऊन ते सगळेच्या सगळे मॅग्नेशियम गिळतात आणि फिकी पट्टी नाहीशीच होते. जास्त घातल्याने कमी मिळते, हा धडा प्रत्येक नवख्याला धक्का देऊन जातो. दुसरा अडकवणारा घटक नमुन्याबरोबर येतो: डीएनए साठवण्याच्या टीई नावाच्या बफरमध्ये १ मिलीमोलर ईडीटीए असते, तेही मॅग्नेशियम धरते. २ मायक्रोलिटर नमुन्यातून २५ मध्ये ते ०.०८ मिलीमोलर होते, म्हणजे नगण्य. पण डीएनए कमी वाटतो म्हणून कोणी १० मायक्रोलिटर नमुना घातला तर ०.४ होऊन मोकळ्या ०.७ पैकी निम्म्याहून अधिक मॅग्नेशियम त्यात जाते.

प्रायमरचा हिशेब तुलनेने सरळ आहे. ते कोरड्या रूपात येतात आणि नळीवर किती नॅनोमोल आहेत ते छापलेले असते. त्या आकड्याची दहापट मायक्रोलिटर पाणी घातले की १०० मायक्रोमोलर होते, म्हणजे २४.६ नॅनोमोलला २४६ मायक्रोलिटर. त्यातून १० मायक्रोलिटर आणि ९० पाणी घेतले की कामाचे १० मायक्रोमोलर द्रावण. नळी उघडण्यापूर्वी ती एकदा अपकेंद्री यंत्रात फिरवून घ्यावी लागते, कारण कोरडी पूड टोपणाला चिकटलेली असते आणि टोपणाबरोबर उडून गेली तर पुढचे सगळे आकडे खोटे ठरतात.

कोळंबीच्या चाचणीत एका नमुन्याला एक नळी पुरत नाही. तैवानमधील संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि पुढे जगभर वापरली गेलेली पद्धत दोन फेऱ्यांची आहे: पहिल्या फेरीत विषाणूच्या डीएनएतील १४४७ जोड्यांचा तुकडा वाढवला जातो, आणि दुसऱ्या फेरीत त्याच तुकड्याच्या आत बसणाऱ्या वेगळ्या प्रायमरनी ९४१ जोड्यांचा. जबर लागण पहिल्याच फेरीत दिसते. हलकी लागण दुसरीत. त्याबरोबर कोळंबीच्या स्वतःच्या जनुकाचा ८४८ जोड्यांचा तुकडा वाढवणारी तिसरी अभिक्रिया लावली जाते, कारण विषाणूची पट्टी आली नाही तर नमुन्यात विषाणू नव्हता की नळीत डीएनएच धड नव्हता, हे त्याशिवाय सांगता येत नाही. चेन्नईची केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्था, जी १९८७ पासून या क्षेत्रात काम करते, तिने या रोगासाठी पीसीआर संचही तयार केला. संच वापरला तरी त्यातील आकडे काय सांगतात हे वापरणाऱ्याला कळलेले असावे लागते.

समजा, खारपट्ट्यातील तळ्यांसाठी आलेले आठ नमुने आहेत. त्यांना एक खात्रीचा लागण झालेला डीएनए जोडावा लागतो, एक नुसत्या पाण्याची नळी जोडावी लागते, आणि डीएनए काढताना ऊतीशिवाय सर्व पायऱ्या केलेली एक कोरी नळीही जोडावी लागते; अकरा झाल्या. नमुने वाढले आणि रसायने महाग झाली की काटकसर या शेवटच्या तीन नळ्यांवर करण्याचा मोह होतो, आणि तो निर्धाराने टाळला पाहिजे, कारण उरलेल्या आठांना अर्थ याच तिघांमुळे येतो. अकरा नळ्यांसाठी मिश्रण बाराचे करतात. पिपेटच्या टोकाला, नळीच्या भिंतीला द्रवाचा पातळ थर दर वेळी चिकटून राहतो आणि अकरांचेच मिश्रण केले तर अकरावी नळी अपुरी भरते. बाराने गुणले की बफर ३०, मॅग्नेशियम १८, डीएनटीपी ६, दोन्ही प्रायमर ६-६, टॅक २.४ आणि पाणी २०७.६ मायक्रोलिटर, एकूण २७६, आणि प्रत्येक नळीत त्यातील २३ घालून वर २ मायक्रोलिटर नमुना. या एकत्र मिश्रणाला मास्टर मिक्स म्हणतात. त्याचा खरा फायदा वेळेचा नाही. ०.२ मायक्रोलिटर हे माप अगदी लहान पिपेटच्याही खालच्या टोकाला येते, जेथे तिची अचूकता सर्वांत कच्ची असते. अकरा वेळा ०.२ घेण्यापेक्षा एकदा २.४ घेणे कितीतरी भरवशाचे, आणि चूक झालीच तरी ती सर्व नळ्यांत सारखी होते व पाण्याच्या आणि खात्रीच्या नळीत उघडी पडते.

विषाणूची आणि कोळंबीच्या जनुकाची अशा दोन चाचण्या एकाच वेळी लावायच्या असल्याने हा हिशेब आणखी एक पायरी मागे नेता येतो. प्रायमर सोडून बाकी सर्व दोन्हीकडे सारखेच, म्हणून चोवीस नळ्यांचे बिनप्रायमरचे मिश्रण एकत्र करायचे: दर नळीला २२ प्रमाणे ५२८ मायक्रोलिटर. ते २६४-२६४ असे दोन भाग करून प्रत्येकात आपापले प्रायमर ६-६ मायक्रोलिटर घातले की दोन्हीकडे २७६ होतात. विकर एकदाच, ४.८ मायक्रोलिटर, मोजले जाते. पुढे एखाद्या नमुन्यात ८४८ ची पट्टी आली आणि विषाणूची आली नाही, तर दोन्ही नळ्यांतील विकर, मॅग्नेशियम आणि डीएनटीपी एकाच हाताने एकाच वेळी घातलेले होते हे निश्चित असते, आणि निष्कर्ष त्या मानाने पक्का होतो.

हाताच्या कामाकडे जवळून पाहिले तर कागदावरचे आकडे कोठे ढळतात ते दिसते. टॅक विकर पन्नास टक्के ग्लिसरॉलमध्ये असते, त्यामुळे शीतपेटीत ते उणे २० अंशालाही गोठत नाही, पण मधासारखे दाट राहते. पिपेटची टिप त्यात खोल बुडवली तर आत २.४ मायक्रोलिटर आणि बाहेरून त्याहून अधिक चिकटून येते. म्हणून टिपचे टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकवून, अंगठा सावकाश सोडून, द्रव चढू देण्यासाठी क्षणभर थांबावे लागते. मिश्रणात सोडतानाही टोक द्रवात ठेवून दोन-तीनदा वरखाली करून टिप धुऊन घ्यावी लागते. ग्लिसरॉल जड असल्याने विकर तळाशी बसते आणि नळी हलक्या हाताने उलटीसुलटी केली नाही तर पहिल्या नळ्यांत कमी आणि शेवटच्यांत जास्त विकर जाते. पाणी आधी, विकर शेवटी, हा क्रम म्हणूनच सांगितला जातो. गोठवलेले बफर आणि मॅग्नेशियम वितळल्यावर न हलवता वापरणे ही तर फार पसरलेली हयगय आहे: गोठताना क्षार खाली दाटतात, वरचा थर जवळजवळ पाणी असतो, आणि २५ मिलीमोलर हे लेबलावरचे माप त्या थराला लागू नसते.

पिपेट स्वतः खरी आहे का, हे तपासायला मोठी सोय लागत नाही. चांगल्या तराजूवर शुद्ध पाणी मोजून टाकले की १०० मायक्रोलिटरचे वजन, ३० अंश तापमानाला, ९९.६ मिलिग्रॅमच्या आसपास यावे. मे महिन्यात पेणच्या उकाड्यात पाण्याचे बाष्पीभवनही हिशेबात धरून हे वजन पटापट घ्यावे लागते. दोन-चार महिन्यांनी एक सकाळ या कामाला देणाऱ्या प्रयोगशाळेत न समजणारे निकाल कमी लागतात, हा अनुभव आहे.

दुसऱ्या फेरीत हिशेब थोडा बदलतो. आता नमुन्याच्या जागी पहिल्या फेरीतील १ मायक्रोलिटर उत्पादन जाते, म्हणून पाणी १८.३ आणि नळीत मिश्रण २४. पहिल्या फेरीचे प्रायमर त्याबरोबर थोडे येतात, पण २५ पटीने पातळ होऊन ते ०.००८ मायक्रोमोलरच उरतात, नव्या ०.२ पुढे त्यांची मात्रा चालत नाही. धोका संहतीचा नसून उघडलेल्या टोपणाचा असतो. पहिल्या फेरीच्या नळीत कोट्यवधी प्रती तयार झालेल्या असतात. टोपण उघडताना उडालेला न दिसणारा तुषार शेजारच्या नळीत पडला तर निरोगी बीज रोगी ठरते आणि शेतकऱ्याचा पैसा व हंगाम दोन्ही जातात. मिश्रण करण्याची जागा, पिपेट आणि कोट वेगळे ठेवणे लहान प्रयोगशाळेला अवघड जाते, तरीही ते करावेच लागते. खोली वेगळी नसेल तर निदान टेबल, आणि टेबल वेगळे नसेल तर निदान वेळ. करोनाकाळात रूढ झालेल्या पद्धतीत प्रतींची वाढ नळी बंद असतानाच प्रकाशाच्या साहाय्याने मोजली जाते आणि हा धोका जवळपास नाहीसा होतो, हे त्या पद्धतीचे मोठे बळ आहे.

नमुन्याच्या बाजूचा हिशेब नळीच्या बाहेर सुरू होतो. एका खेपेतील लाखो बीजांपैकी दोन टक्के बीज रोगी असेल, तर ते पकडण्याची ९५ टक्के खात्री मिळवण्यासाठी सुमारे १५० बीज तपासावे लागते; प्रत्येक बीज निरोगी निघण्याची शक्यता ०.९८ आणि ती दीडशे वेळा गुणली की पाच टक्क्यांच्या किंचित खाली येते. मूठभर बीज दोन बोटांनी उचलून दिले तर नळीतील आकडे कितीही काटेकोर असोत, त्यांनी दिलेले उत्तर त्या मूठभराचेच असते. बीज दारूत, म्हणजे ९५ टक्के इथेनॉलमध्ये, बुडवून पाठवता येते. रोह्यापासून कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो, पेणवरून मुंबई-गोवा महामार्ग जातो, त्यामुळे बर्फाविनाही नमुना मुंबईकडे पोहोचवणे जमते. मात्र ते इथेनॉल पूर्ण उडवले नाही तर पुढे तेच विकराला अडवते. मोठ्या कोळंबीचे डोळे तर नमुन्यात घेऊच नयेत, त्यांच्यात प्रवर्धन रोखणारी द्रव्ये असतात. कल्ले किंवा पोटाखालचे पोहण्याचे पाय चांगले. आणि ८४८ ची पट्टीही आली नाही, तर पहिला उपाय डीएनए वाढवण्याचा नसून तो दहापट पातळ करण्याचा असतो, कारण डीएनएबरोबर अडवणारी द्रव्येही दहापट पातळ होतात.

वीज हाही या हिशेबातला एक घटक मानावा लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर जिल्ह्याच्या अनेक भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती. विकर आणि डीएनटीपी वारंवार वितळून गोठले की लेबलावरील एकक आणि मिलीमोलर कागदावरच राहतात. मोठी बाटली आणून तिचे लगेच २०-५० मायक्रोलिटरचे छोटे भाग करून ठेवणे, आणि वितळलेला भाग पुन्हा न गोठवणे, ही शिस्त किनारपट्टीच्या भागात इतर ठिकाणांपेक्षा अधिक आवश्यक आहे.

भातावर काम करणाऱ्याला हाच हिशेब वेगळ्या प्रमाणात भेटतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २ आणि ३ या क्षार सहन करणाऱ्या जाती दिल्या. भाताच्या पहिल्या गुणसूत्रावरील साल्टॉल हा क्षारसहनाशी निगडित भाग केरळच्या पोक्काळी भातापासून ओळखला गेला, आणि रोपात तो उतरला आहे की नाही हे पीसीआरने रोपावस्थेतच पाहता येते. येथे नमुने आठ नसतात, ९६ खाचांची पाटी भरलेली असते; दर अकरा नळ्यांमागे एक जादा धरण्याचा प्रश्न राहत नाही, शेकडा पाच टक्के पुरते, म्हणजे १०१ अभिक्रियांचे मिश्रण. दहा टक्के धरले तर चार-पाच अभिक्रियांचे विकर दर पाटीमागे वाया जाते, आणि पाट्या वाढत गेल्या की ते खर्चात जाणवते. डीएनएही सर्व रोपांचा सारख्या संहतीला आणावा लागतो: २०० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर असलेल्या डीएनएचे ५० चे २० मायक्रोलिटर हवे असतील तर ५ मायक्रोलिटर डीएनए आणि १५ पाणी. शहाण्णव वेळा, प्रत्येकी वेगळे.

आता बाजारात सर्व घटक आधीच मिसळलेले दुप्पट दाट मिश्रण मिळते: १२.५ मायक्रोलिटर मिश्रण, प्रायमर ०.५-०.५, नमुना २ आणि पाणी ९.५. ते वापरू नये असे म्हणणे हट्टाचे होईल. लहान प्रयोगशाळेत चुका कमी होण्यास त्याने मदतच झाली आहे, आणि संगणकावरील तक्ता क्षणात बारांचे चोवीस करून देतो. पण ज्यांनी कामाची सुरुवातच या मिश्रणाने केली त्यांना नळीत मॅग्नेशियम किती आहे, डीएनटीपी किती आहेत, हे विचारले तर सांगता येत नाही, आणि पट्टी येईनाशी झाली की नवा संच मागवण्यापलीकडे मार्ग सुचत नाही. म्हणून शिकणाऱ्याने काही काळ तरी सुटे घटक घेऊन, कागदावर हाताने, प्रत्येक ओळीच्या पुढे नळीतील अंतिम संहतीचा एक जादा रकाना आखून हिशेब मांडावा, असे या कामाच्या जाणकारांचे मत आहे आणि ते रास्त आहे. तो कागद दुसऱ्या सहकाऱ्याने वाचून सही करावी, त्यावर बफर, मॅग्नेशियम आणि डीएनटीपी यांचे लॉट क्रमांक नोंदवावेत, आणि जेलच्या छायाचित्राबरोबर तो फायलीत लावावा. बीज परत पाठवायचे की तळ्यात सोडायचे, हे शेतकरी त्या छायाचित्रावरून ठरवतो. ते छायाचित्र कशातून आले हे विचारण्याचा त्याला हक्क आहे, आणि विचारले तर तो कागद काढून त्याच्यापुढे ठेवता आला पाहिजे.